आरगच्या गाडीचा अ‍ॅम्प्लिफायर

“मग आणखी मोठी बॅटरी टाकू का, उस्ताद? सांगा की.”

महावीर मगदूमनं पुन्हा तेच विचारलं.

दस्तगीर उस्ताद खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मिरजेत गाड्यांचं वायरिंग करण्यात त्यांची हयात गेली. आता गुडघे गेलेत, कामं घेत नाहीत, पण शेड उघडून बसतात. मी त्याच शेडच्या दुसऱ्या अंगाला सीटकव्हर शिवतो. त्यामुळे तिथलं सगळं माझ्या कानावर पडतं, पडू नये तेसुद्धा.

महावीर त्यांच्याच हाताखाली शिकला. आता हायवेला त्याचं स्वतःचं वायरिंगचं, समोर काच लावलेलं दुकान आहे, आत एसी आहे, आणि बोलताना गॉगल कपाळावर चढवायची सवय आहे. एरवी उस्तादांकडे ईदलासुद्धा फिरकत नाही. आज गाडी घेऊन आला होता, म्हणजे चांगलाच अडकला होता.

“गाडी कुणाची?” उस्तादांनी डोळे न उघडताच विचारलं.

“आरगच्या दादासो खोतांची. त्यांच्या वडलांना, अण्णांना, डायलिसिस चालू आहे. त्यासाठी आठवड्यातनं दोनदा मिरजेला घेऊन येतात.”

“आणि अ‍ॅम्प्लिफायर कशाला?”

“म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. भजनाचा नाद आहे. कंपनीच्या टेपवर काही कळेना, म्हणून दादासोंनी माझ्याकडनं मोठा अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला. वाटेनं अण्णा ऐकत येतात म्हणे. तेवढंच बरं वाटतं त्यांना.”

“बरं.”

“बसवला, आणि थोड्याच दिवसांत बॅटरी झोपली. मी नवी टाकून दिली. तीही झोपली. आज सकाळी गाडी दारातनं हललीच नाही. म्हाताऱ्याला वडापच्या जीपमधनं, सगळ्या गर्दीत आणावं लागलं. मग मी जाऊन माझी चार्ज केलेली बॅटरी लावली आणि गाडी इकडं आणली.”

महावीरनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

“उस्ताद, एवढं एक करा. दुपारी दवाखान्यातनं सुटले की खोत इथंच येणार आहेत. तुमचा शब्द त्यांना चालतो. बॅटरीच खराब निघाली, एवढं म्हणा. त्यांनी तोंड उघडलं तर आरगच्या पट्ट्यातलं एक गिऱ्हाईक माझ्याकडं येणार नाही.”

मी मशीन थांबवली. असलं काही ऐकताना माझे टाके सरळ पडत नाहीत.

“बॉनेट उघड, डिकी पण,” उस्ताद म्हणाले.

काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू. जाड लाल वायर, बॅटरीच्या जवळच फ्यूज, काळी वायर पत्रा नीट खरवडून घट्ट आवळलेली. महावीर ते दाखवताना जरा ताठ उभा राहिला.

उस्तादांनी वायरींकडं बघितलंसुद्धा नाही.

“गाणं चालू आहे?”

“नाही. टेप बंद आहे. किल्ली माझ्या खिशात आहे.”

“हात ठेव.”

“कुठं?”

उस्तादांनी त्याचं मनगट धरलं आणि तळवा डिकीतल्या अ‍ॅम्प्लिफायरवर टेकवला.

“कोमट आहे,” महावीर म्हणाला. “ऊन काय कमी आहे का उस्ताद, मे महिना आहे.”

“शेजारी पत्र्याला लावून बघ.”

गाडी आल्यापासून शेडच्या सावलीत होती. पत्रा गार होता. महावीरनं हात काढून घेतला.

आता मलाही हे काम बघून बघून कळायला लागलंय. अ‍ॅम्प्लिफायरला एक बारीक वायर लागते. गाणं सुरू झालं की चालू हो, थांबलं की बंद हो, एवढाच निरोप ती देते. ती पुढनं, डॅशबोर्डच्या आतनं मागं आणावी लागते. या शहाण्यानं ती आणलीच नव्हती. बोटाएवढा तुकडा घेऊन तिथल्या तिथं बॅटरीच्या वायरला चिकटवून मोकळा झाला होता. मग काय, गाणं असो नसो, अ‍ॅम्प्लिफायर रात्रंदिवस चालू. खोतांची गाडी नुसती दारात उभी असली तरी हा आपला आत बसून बॅटरी पितोय.

“हे काय?” उस्तादांनी त्या तुकड्यावर बोट ठेवलं.

“डॅशबोर्ड उघडायचा म्हणजे लई वेळ जातो, उस्ताद. माझ्याकडं रांग लागलेली असते. सगळेच असं करतात.”

“सगळे.”

“आणि करंट तो कितीसा खातोय? रोज फिरणारी गाडी असती तर कळलंसुद्धा नसतं.”

“ही रोज फिरते? विचारलं होतंस?”

महावीरनं कपाळावरचा गॉगल काढून शर्टाला अडकवला.

मग तो कामाला लागला. हात अजून चांगला आहे त्याचा. डॅशबोर्ड खोलला, बारीक वायर मॅटखालनं पुढं नेली, किल्ली फिरवल्यावरच करंट येतो तिथं जोडली. घाम पुसायलाही थांबला नाही. उस्ताद टॉर्च धरून उभे होते.

काम झाल्यावर महावीरनं गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला उन्हात लावली आणि परत आला.

“खोतांना काय सांगू?”

उस्ताद खुर्चीत बसून गुडघा चोळत होते.

“बॅटरीचं म्हणू? उस्ताद, काहीतरी बोला की.”

“मी दमलोय, महावीर.”

तेवढ्यात रिक्षा आली. दादासो खोत उतरले आणि त्यांनी वडलांना हाताला धरून उतरवलं. अण्णांच्या दंडाला पट्टी होती. चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं. दादासोंनी त्यांना सरळ गाडीच्या मागच्या सीटवर नेऊन बसवलं, दार उघडं ठेवलं आणि शेडमध्ये आले.

“सापडलं का? काय होतं?”

“सापडलं,” महावीर म्हणाला. “म्हणजे... तसं बघायला गेलं तर...”

“सकाळी अण्णांना वडापमध्ये मागं उभं राहून यावं लागलं, मगदूम. उभं! कुणी जागा देईना. माझा जीव नुसता तुटत होता.”

“हो, ते...”

“काय होतं मग? बॅटरीच ना?”

महावीरनं उस्तादांकडं बघितलं. मग खाली बघितलं. हो म्हटलं असतं तर तिथंच सुटला असता. नाही म्हणायला तोंड उघडत होतं, शब्द काही बाहेर येत नव्हता.

“ते असं आहे खोतसाहेब, की अ‍ॅम्प्लिफायरची जी वायर असते...”

“हां.”

“ती वायर...”

“निघायचं का रे दादू?” बाहेरनं अण्णांचा आवाज आला.

उस्ताद खुर्चीचा हात धरून उठले.

“वायर चुकीच्या ठिकाणी जोडली होती. त्यानं बॅटरी उतरत होती. बॅटरीत काही दोष नव्हता. चूक माझी आहे, दादासो. आता नीट केलंय, परत असं होणार नाही. माफ करा.”

आणि त्यांनी हात जोडले.

दादासोंच्या तोंडावर राग आला होता, तो मला दिसला. पण त्या जोडलेल्या हातांपुढं काय बोलणार? “अहो उस्ताद, तुम्ही कशाला...” एवढंच ते पुटपुटले. महावीरकडं एकदा बघितलं, किल्ली घेतली आणि गेले.

गाडी लागलीच सुरू झाली. भजनही सुरू झालं, असं खणखणीत की समोरच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली. अण्णांनी मान मागं टेकवली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी टाळ ऐकू येत होते.

महावीर जागचा हलला नव्हता.

“तुम्ही का अंगावर घेतलं?” त्यानं विचारलं. “सांगणारच होतो मी.”

खरंच सांगणार होता की नाही, देव जाणे.

“चूक माझी होती उस्ताद. शिव्या मला बसायला पाहिजे होत्या. तुम्ही कशाला हात जोडले? एवढं तरी सांगा.”

उस्ताद सावकाश खुर्चीत टेकले.

“म्हातारं माणूस उन्हात बसलं होतं, महावीर. कुणीतरी लवकर बोलायला पाहिजे होतं.”