सगुणाई आणि वाळूसाप

फार वर्षांमागं, नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही हकिगत. नदी तेव्हाही बहुतेक वर्षभर कोरडीच. पात्रात नुसती वाळू, आणि वाळूत वाळूसाप. चाबकाच्या वादीसारखा सडपातळ, अंगावर पिवळट पट्टे, दिसला म्हणेपर्यंत झुडपात नाहीसा. तो चावला की दिवस मावळायच्या आत माणूस जातो, अशी साऱ्यांची खात्री. चावलेल्याला वेशीबाहेर लिंबाखाली निजवायचे आणि लांब उभं राहून रडायचे. माणूस खरंच जायचा. विषानं की धसक्यानं, कोण सांगणार?

त्या गावात सगुणा नावाची धनगरीण होती. एकटीच मेंढरं राखायची. एकदा भर दुपारी माळावर वाळूसापानं तिची पोटरी धरली. पाय सुजला, नुसती आग झाली. “बिरोबा, मेंढरं आता तुझी,” म्हणून ती मरायला बाभळीखाली बसली. तेवढ्यात एक मेंढी अडली. सगुणा मरण बाजूला ठेवून उठली. कोकरू सोडवलं, पुसलं, आचळाला लावलं. मान वर केली तर दिवस मावळलेला, आणि ती जिवंत! त्या वेळी सगळी मेंढरं तिच्याभोवती गुडघे टेकून बसली होती, असं म्हणतात.

तिनं गावाला सांगितलं. पण लोक म्हणाले, “तुला देवानं राखलं.”

पुढं कुंभाराची सून तुळसा वाळू आणायला गेली आणि तिलाही साप चावला. तिला लिंबाखाली निजवलं. सगुणा सरळ तिच्यापाशी गेली.

“पोरी, ह्यानं मरत न्हाई कुणी. मला चावलाय.”

तुळसाचे डोळे पांढरे व्हायला लागलेले. “तुमच्या पाठीशी देव हाय. माझ्या कोण हाय?”

सगुणा उठली, नदीत उतरली आणि वाळूसाप धरून सगळ्यांदेखत त्याला आपला हात दिला. मग येऊन तुळसाचा हात हातात घेतला. “आता दोघी एकाच वाटंला. बघू, आधी कोण कंटाळतंय.”

दोन्ही हात सुजले. तो साप मात्र पळाला नाही, सगुणामागं येऊन दोघींच्या पायाशी राखणीला बसून राहिला, असं म्हणतात. दिवस मावळला. तुळसा उठून बसली नि म्हणाली, “आत्याबाई, भूक लागलीय.” लांब उभं असलेलं गाव तेव्हा पहिल्यांदा लिंबाखाली आलं.

त्यानंतर लिंबाखाली कुणी एकटं पडलं नाही. नागाची, फुरशाची गोष्ट मात्र वेगळी, हे सगुणा जाणून होती. तिथं ती माणसाला बाजेवर घालून वैदूकडं पळवायची, पण हात सोडायची नाही. लोक तिला सगुणाई म्हणू लागले.

आज त्या गावात कुठलाही साप चावला तरी आधी जीप निघते ती तालुक्याच्या दवाखान्याकडं. वाटभर कुणीतरी चावलेल्याचा हात धरून बसतं. नात्यातलंच हवं असं नाही. घाबरलेल्या माणसानं “कोण हाय?” विचारलं, तर आपलं नाव सांगायचं नाही.

“सगुणाई हाय,” म्हणायचं.