वेस्ताचा आडकमठा

“आडकमठा न्यायचा कसा? खांद्यावर, पाठीवर की हातात? एकदा काय ते सांगून टाका, बाबा.”

शेजारचा रायसिंग दर वर्षी होळीच्या शिकारीआधी हेच विचारायचा, आणि दर वर्षी त्याला नवीन उत्तर मिळायचं.

पहिल्या खेपेला बाबा म्हणाले होते, “खांद्यावर.” रायसिंगनं खांद्यावर नेला. फांदीत अडकला, आणि भेकर हसत हसत निघून गेलं.

पुढच्या खेपेला म्हणाले, “पाठीवर.” पाठीवरून काढेपर्यंत ससा दुसऱ्या डोंगरावर.

मग म्हणाले, “हातात.” दुपारपर्यंत हात असे भरून आले की समोर मोर उभा राहिला तरी खिट्टी दाबायला बोट वळेना.

“दर वेळी वेगळं सांगता,” रायसिंग म्हणाला. “खरं कुठलं?”

खात्र्याबाबा अंगणात बसून बांबूची कामटी तासत होते. सून जमनी दारात मोहाची फुलं पाखडत होती. कोंबड्या सुपाभोवती घुटमळत होत्या. सातपुड्यातल्या त्या पाड्यावर असा दिवस रोजच उगवायचा.

बाबांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात मीठ आणणारा बैलवाला उतारावरून खाली आला आणि गोण न उतरवता तसाच उभा राहिला.

“बाबा...”

“बस. पाणी पी.”

“बाबा, वेस्ता गेला. लाकूडतोडीवर. तापानं.”

कामटीवरचा सुरा थांबला.

“कधी?”

“अमावास्येच्या आधी. तिथंच माती दिली.”

“जवळ कुणी होतं?”

“आपल्याकडचे दोघं होते.”

“बरं...”

बाबांनी हातातली कामटी टोकापर्यंत तासून पुरी केली. मग म्हणाले, “मीठ सावलीत ठेव.”

दारातलं सूप केव्हाच थांबलं होतं. कोंबड्यांनी त्यातली फुलं टिपायला सुरुवात केली, तरी कुणी त्यांना हाकललं नाही.

वेस्ता हा खात्र्याबाबांचा एकुलता एक मुलगा. आणि रायसिंगचं उत्तर तसंच राहिलं.

इथं आडकमठ्याबद्दल सांगायला हवं. साधा तिरकमठा उभा धरतात. हा लांब दांड्यावर आडवा बसवलेला. दोन्ही पाय कामटीवर रोवून दोरी ओढायची, दांड्यावरच्या खाचेत अडकवायची, पुढं बाण ठेवायचा. खाली खिट्टी असते, ती दाबली की सुटला. डोंगरात जंगलावर कुणाचा पहारा नव्हता, त्या काळात घराघरात असा एक कमठा खुंटीला असे.

आणि शिकारीचा वाटा तिथं माणसाला मिळत नसे, हत्याराला मिळे. दोरी चढवलेला जो कमठा जंगलात जाऊन येईल, त्याच्या घरी वाटा. म्हणून घरचा माणूस गेल्याचं कळलं की त्याच्या कमठ्याची दोरी उतरवायची. बापानं उतरवायची, बाप नसला तर भावानं. दुसरा सूर्य उगवायच्या आत. मग तो कमठा नुसतं लाकूड, आणि ते घर वाट्यातून बाद.

संध्याकाळी पाड्यातली जुनी माणसं येऊन बसली. ढोलवाला दित्या त्यांत सगळ्यांत थोरला. शिकारीचा न्याय तोच करायचा.

“खात्र्या, दोरी?”

“बघू.”

“उद्याची शिकार पुढं ढकलायची का?”

“कशाला? हरभरा डुकराला घालायचा आहे का?”

त्या साली एका सुळेवाल्यानं रानच्या रान उकरून टाकलं होतं. सगळ्या पाड्यांनी मिळून दिवस ठरवला होता. दित्यानं मान हलवली आणि तो उठला.

रायसिंगला बाबांचं दुःख होतं. वेस्ता त्याच्याहून मोठा. त्यानंच त्याला पहिला बाण घडवून दिला होता. पण खरं सांगायचं तर शिकार पुढं गेली नाही याचं त्याला आतून बरंही वाटलं. कारण त्याला एकच गोष्ट हवी होती.

शिकार घेऊन माणसं परत आली की पाड्याच्या शिवेवर थांबत. दित्या ढोलावर थाप मारून ओरडे, “कुणाची?” आणि सगळी माणसं एका दमात मारणाऱ्याचं नाव घेत. डोंगर ते नाव परत फेकी. रायसिंग लहानपणापासून ते ऐकत आला होता. दुसऱ्यांची नावं. यंदा आपलं... असं त्यानं मनाशी कधीचंच ठरवून टाकलं होतं.

सकाळी सगळे निघाले तेव्हा बाबाही आले. हातात वेस्ताचा कमठा.

दोरी चढलेली.

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. बाबा सरळ रायसिंगपाशी आले.

“हा ने.”

“मग माझा?”

“तुझाही ने.”

“दोन?”

“हात दोन आहेत ना?”

“बाबा, दोन कमठे घेऊन शिकार होते का?”

“ते मला काय माहीत? मी कधी नेले नाहीत.”

मागून दित्या म्हणाला, “घे रे घे. एक बायको मिळेना, तोवर कमठे तरी दोन असू देत.”

माणसं हसली. रायसिंगनं दात आवळून वेस्ताचा कमठा पाठीवर टाकला. आपला हातात घेतला. तो त्यानं घरूनच ताणून, दोरी खाचेत अडकवून, बाण ठेवून आणला होता. म्हणजे डुक्कर दिसायचा अवकाश, पहिला बाण आपला.

बाबांनी दोरीकडे पाहिलं.

“ओढूनच निघालास?”

“मी दोरी ओढेपर्यंत डुक्कर थांबतं का?”

“नाही थांबत,” बाबा म्हणाले, आणि रायसिंगच्या बरोबर पुढं चालू लागले.

अगदी पुढं. ताणलेल्या बाणाचं टोक आणि म्हाताऱ्याची पाठ यांत हातभराचं अंतर. रायसिंग थोडा डावीकडे सरकला, तर पायवाट वळली आणि पाठ पुन्हा समोर. उजवीकडे सरकला, पुन्हा तेच. शेवटी त्यानं टोक खाली जमिनीकडे धरलं. मनगट दुखायला लागलं.

“बाबा, जरा बाजूनं चाला ना.”

“का रे? वाट छान आहे.”

ऊन चढलं. ओढ्यापलीकडे कुत्री एकदम भुंकायला लागली. माणसं धावली. रायसिंगही उतारावरून धावला. पाठीवरचा कमठा एका वेलीत अडकला, त्याला झटका बसला, आणि हातातली खिट्टी आपोआप दाबली गेली.

बाण सुटला.

बाबांच्या टाचेपासून वीतभर अंतरावर मातीत घुसला.

त्याच दणक्यानं पहाटेपासून ताणलेली, दवानं भिजलेली दोरी खाचेपाशी तुटली आणि तिचं टोक रायसिंगच्या गालावर सपकन बसलं.

ओढ्यात उतरता उतरता दित्यानं पाहिलं. “रायसिंगनं माती मारली रे! वाजवू का ढोल?”

रायसिंगला ते ऐकूही आलं नाही. तो बाबांच्या टाचेकडे पाहत होता.

बाबा वाकले. बाण उपटला. धोतराला पुसला.

“घे. तुझाच आहे.”

“बाबा, मी...”

“कुत्री भुंकतायत.”

दोघं ओढा ओलांडून गेले, तेव्हा कुत्र्यांनी सुळेवाल्याला खडकाच्या कपारीत कोंडलं होतं. डुक्कर पाठ दगडाला लावून उभं होतं. एका कुत्र्याचं पोट त्यानं फाडलेलं. माणसांचे दोन बाण त्याच्या जाड खांद्यात रुतले होते, पण ते त्याला काट्यासारखे. आता डुक्कर बाहेर पडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. बाहेर पडायची वाट एकच होती, आणि तिच्या तोंडाशी रायसिंग आणि खात्र्याबाबा उभे होते.

बाबांच्या हातात काठीसुद्धा नव्हती. ते हललेही नाहीत.

रायसिंगनं तुटका कमठा टाकला. पाठीवरचा काढला. जमिनीवर टेकवला, दोन्ही पाय कामटीवर रोवले, दोरीला हात घातला.

हाताला मेण लागलं. ताजं, मऊ.

वेस्ता लाकूडतोडीवर जाऊन दोन पावसाळे झाले होते. खुंटीवरची दोरी एव्हाना वाळून तडकायला हवी होती. ही मात्र काल वळल्यासारखी... ती कुरकुरली नाही, सरळ वर आली आणि खाचेत बसली.

त्यानं तोच मातीतला बाण ठेवला.

डुक्कर सुटलं.

रायसिंगनं त्याला जवळ येऊ दिलं. मान वर झाली, गळ्याखालची पांढुरकी जागा दिसली, तेव्हा खिट्टी दाबली.

डुक्कर दोन उड्या आणखी आलं आणि बाबांच्या पायाशी गुडघ्यावर बसलं. मग कुशीवर पडलं.

मग जो गलका उठला! माणसं उड्या मारायला लागली. कुणी रायसिंगला खांद्यावर घेतलं, कुणी त्याच्या गालावरचं रक्त आपल्या फडक्यानं पुसलं. डुकराचे पाय बांधून वासा घातला, तर दोघांना उचलेना, चौघं लागले. गाणी म्हणत, शिट्ट्या घालत सगळे पाड्याकडे निघाले. बाबा मागं राहून जखमी कुत्र्याला कांबळ्यात गुंडाळून घेऊन येत होते.

शिवेवर बायकामाणसं जमली होती. त्यांत जमनीही होती, एका बाजूला.

दित्या थांबला. त्यानं डुकराच्या गळ्यातला बाण ओढून काढला, मागचं पीस पाहिलं आणि वर धरला.

“पीस रायसिंगचं! आता माती नाही रे, सोनं मारलंस!”

मग ढोलावर थाप मारली.

“कुणाची?”

सगळ्यांनी दम भरून घेतला. रायसिंगचं नाव त्यांच्या ओठांवर आलेलं त्याला दिसत होतं.

“थांबा,” रायसिंग म्हणाला.

“आता काय?”

“बाण माझा. पण सोडला वेस्ताच्या कमठ्यानं.”

दित्याचा हात ढोलावर तसाच राहिला. “मग?”

“मग शिकार त्याची.”

“अरे, तो गेला ना...”

“माझी दोरी तुटली. आज माझ्याकडे हत्यारच नव्हतं. वाटा हत्याराला ना? मग नावही त्याचंच.”

कुणीतरी पुटपुटलं, “मेलेल्याचं नाव शिवेवर? कधी ऐकलंय का?”

दित्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा कुत्र्याच्या तोंडात पाणी घालत होते. त्यांनी मान वर केली नाही. नुसते म्हणाले, “दोरी आहे का बघ.”

दित्या पुढं आला. रायसिंगच्या हातातल्या कमठ्याच्या दोरीला त्यानं बोट लावून सोडलं. दोरी वाजली. लांबपर्यंत वाजत राहिली.

“आहे,” दित्या म्हणाला. मग माणसांकडे वळून, “आहे रे.”

त्यानं ढोल सावरला आणि असा बडवला की झाडावरचे पोपट उडाले.

“कुणाची?”

“वेस्ताची!”

सगळ्यांत मोठ्यानं रायसिंग ओरडला. समोरच्या डोंगरानं नाव परत दिलं. दित्यानं पुन्हा विचारलं, माणसांनी पुन्हा सांगितलं. बायका ओरडल्या. मग डोंगराला उसंतच दिली नाही. वेस्ता, वेस्ता... नदीपलीकडे, लाकूडतोडीपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं.

जमनीनं पदर तोंडावर धरला होता. मग तिनं तो खाली घेतला आणि तीही ओरडली.

खात्र्याबाबा कुत्र्याला कुशीत धरून उभे होते. मान ताठ, डोळे डोंगरावर. रायसिंगनं त्यांना इतकं उंच कधी पाहिलं नव्हतं.

मुंडकं आणि मारणाऱ्याचा वाटा वेस्ताच्या घरी आला. सूर्य कलला तेव्हा अंगणात पाडाभर माणूस होतं. दित्याला मोहाची चढली होती. आपला ढोलच कसा आधी ओरडला, ते तो कुत्र्याला समजावून सांगत होता.

रायसिंग कमठा परत द्यायला आत आला. चुलीपाशी जमनी बसली होती. शेजारी दगडावर मेणाचा गोळा होता, बोटांचे ठसे उमटलेला.

“दोरी कशी होती?” तिनं विचारलं.

“चांगली होती, वहिनी.”

“हं,” ती म्हणाली आणि लाकूड पुढं सारलं.

बाबा सुऱ्यानं घरोघरचे वाटे कापत होते. हा सुरा कालचाच, कामटी तासायचा.

“बाबा, काल विचारलं होतं. तुम्ही सांगणार होतात...”

“काय?”

“न्यायचा कसा.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. रायसिंगनंही मग स्वतःकडे पाहिलं. कमठा खांद्यावर नव्हता, पाठीवर नव्हता. शिवेपासून इथपर्यंत त्यानं तो दोन्ही हातांवर आडवा धरून आणला होता, आणि त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

बाबांनी तो घेतला. खुंटीला लावला. दोरीवरून एकदा अंगठा फिरवला.

बाहेरून दित्याची हाक आली, “अरे खात्र्या, दुसरा सूर्य उगवून मावळायला आला. त्या दोरीचं काय केलंस?”

बाबांनी सुरा उचलला, पुढचा वाटा कापायला घेतला.

“उतरवायची राहून गेली,” ते म्हणाले.