पाहुण्याच्या डाळीतले गणंग

फार फार पूर्वी, शिंक कशाने येते हे कुणालाच ठाऊक नव्हतं तेव्हा, एका रेड्याच्या नाकात पेशींची वाडी होती. वाडीची रीतच अशी, की पाहुणा मागेल ते रांधून घालायचं. त्यात सोनकी पेशी म्हणजे साक्षात अन्नपूर्णा!

एके दिवशी काटेरी टोपीचा एक विषाणू आला. टोपीचे काटे कुलपात किल्लीसारखे बसले आणि दार उघडलं.

"काय करू, पाहुणे?" सोनकीने हौसेने विचारलं.

"मला ना चूल, ना हात," तो म्हणाला. "पुरणाचे माझ्यासारखेच पुतळे करा, बाई. भरपूर!"

सोनकी कामाला लागली. पुतळे उठून बसू लागले, घराच्या भिंती फुगल्या. तेवढ्यात शेजारणीचं घर फुटलं आणि तसलेच शेकडो पाहुणे बाहेर पडले. आपल्याही घराचं हेच होणार, हे सोनकीला कळलं. पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

इकडे शिंकून शिंकून बेजार झालेल्या रेड्याने ओढ्याकाठचा कडू पाला खाल्ला. त्याचा रस, म्हणजे कडूकाका, सोनकीच्या दारी आले.

"नाही म्हणू नकोस, पोरी," कडूकाका हळूच म्हणाले. "फक्त हे गणंग डाळीत मिसळ. दिसतात डाळीसारखे, पण शिजत म्हणून नाहीत."

मग पुरण काही मिळून येईना. पुतळे उठण्याआधीच ढासळू लागले. पाहुणा फणफणत बसला आणि बसल्या जागी वाळून गेला.

रेडा आता खुशाल डुंबतो. सोनकीचा पाहुणचारही पूर्वीसारखाच आहे. फक्त कुणी "माझ्यासारखेच करा" म्हणालं, की ती हसून म्हणते, "बसा ना, आत्ता टाकते डाळ," आणि गणंगांच्या मडक्यात हात घालते.