वैशाखातला पाणवठा

चांद्याकडच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात सोमाजी गेडाम नावाचा वनरक्षक होता. तीस वर्षं त्याने जंगल तुडवलं. दर वैशाखात, नदीनाले आटले की, तो पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून जनावरं मोजायचा. जंगलाबद्दल त्याला कोणी काही सांगायला गेलं, तर तो मिशीतल्या मिशीत हसायचा.

त्याच्या बायकोची, वच्छलाची, नजर दिवसेंदिवस मंदावत चालली होती. उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. "डोळे हायेत तवर टीव्हीत दाखवतेत ते आफ्रिकेतले जनावरायचे कळप मले एकदा दाखवा," ती म्हणाली. सोमाजीने शब्द दिला.

कधी जायचं, हे त्याने कोणालाच विचारलं नाही. "जंगल पाहाचं त वैशाखातच," म्हणत त्याने तिकिटं काढली.

दोघं आफ्रिकेत पोचले तर तिथे आभाळ गळत होतं. गवत कमरेइतकं वाढलेलं. त्यांचा वाटाड्या कोइनेत पिकल्या केसांचा होता, तिथल्याच एका गुजराती व्यापाऱ्याच्या दुकानात उमेदीची वर्षं काढल्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "भाऊ, इथे थांबू नका. दक्षिणेला जाऊ."

"मले जंगल शिकवतं का?" सोमाजी गुरगुरला. त्याने गाडी एका पाणवठ्यापाशी उभी करायला लावली.

चार दिवस तिथेच गेले. आला तो एक बगळा. वच्छला डोळे ताणून गवताकडे बघायची. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अवो, त्याले इचारा ना. त्यात कायची लाज?" बोलताना तिची नजर त्याच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला लागली होती. तिला आता आपला चेहराही नीट दिसत नाही, हे सोमाजीला कळलं. सगळा ताठा तिथेच गळून पडला.

तो कोइनेतसमोर जाऊन उभा राहिला. "कुठं हायेत रे जनावरं?"

कोइनेत हसला नाही. "तुमच्याकडे या दिवसांत पाणी एकाच जागी उरतं. इथे ते पावलोपावली साचलंय. मग जनावर या डबक्यावर कशाला येईल? कळप दक्षिणेला, आखूड, कोवळ्या गवताच्या माळावर आहेत. पण आता ते हलायला लागतील. उद्याच निघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी एका टेकाडावर थांबली. सोमाजी उतरला आणि जागीच खिळला. खाली जमीन दिसतच नव्हती. नजर पोचेल तिथवर झेब्रे आणि काळपट, बैलासारख्या तोंडाची विल्डबीस्ट हरणं, पिल्लांना अंगाशी घेऊन, सगळी एकाच दिशेला चाललेली. पायाखालची माती थरथरत होती. आयुष्य रानात घालवलेल्या त्या माणसाने नकळत हात जोडले.

वच्छलाला एकेक जनावर ओळखू येत नव्हतं. पण एवढं अफाट काही मंद डोळ्यांनाही दिसत होतं. "अवो," ती ओरडली, "धरतीच चालून राह्यली!"

"तुये चार दिवस म्या वाया घालवले," सोमाजी रडवेला होऊन म्हणाला.

"चूप बसा," ती म्हणाली. "पाहू द्या मले."

तात्पर्य: आपल्या रानाचा ऋतू दुसऱ्याच्या रानाला लागू पडत नाही. परक्या मुलखात पाऊल टाकण्याआधी तिथल्या जाणत्याला विचारावं. विचारायला लाजणाऱ्याचा वेळ जातो, आणि तो वेळ कधी कधी दुसऱ्याचा असतो.