कोणी नाही, मीच

मोटेच्या पाण्यावर बागा भिजत, त्या जुन्या काळची ही गोष्ट.

बाग पाहता पाहता शेवंताला आधी एवढंच खटकलं, की मोटेची कुरकुर थांबली आहे. म्हणजे माळी घरी गेले? तेवढ्यात दरवाजाचं कुलूप फिरल्याचा आवाज आला. ती धावत गेली, पण दार बंद झालं होतं.

बाग एका व्यापाऱ्याची. भोवती दोन पुरुष उंच भिंत, मधोमध त्याचं देखणं घर. वर्षातून एक दिवस तो बाग सगळ्यांना पाहू देई. शेवंताच्या गावच्या बायका दोन बैलगाड्या करून आल्या होत्या. परत निघताना पहिल्या गाडीला वाटलं, शेवंता दुसरीत असेल. दुसरीला वाटलं, पहिलीत. ती बिचारी डाळिंबाच्या फुलांपाशीच रमलेली!

पोर गुणी, पण भारी भित्री. मोठ्यानं बोलणं तिला उद्धटपणाच वाटे. ती घराच्या खिडकीखाली गेली आणि हळूच म्हणाली, "अहो, ऐकलंत का?"

आतून व्यापारी म्हणाला, "ऐकतोय गं. काय हवंय?"

"मी कुठे काही बोलले?" त्याची बायको म्हणाली आणि खिडकीशी आली. "कोण आहे?"

शेवंता दचकून झाडामागे सरली. "कोणी नाही, मीच…" "मीच" हा शब्द तिचा तिलाच ऐकू आला.

"कोणी नाही म्हणे!" शेठाणी हसली आणि खिडकी लागली.

भिंतीवर एक सरडा होता. तो म्हणाला, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणून लोक मला हसतात. तुझी हाक तर खिडकीपर्यंतही पोचत नाही!"

"पण परक्याच्या दारात ओरडणं बरं दिसतं का?"

"आणि रात्रभर इथं राहणं बरं दिसेल? एकदा तू त्यांची बायको झालीस, एकदा कोणीच नाही. आता जरा शेवंता होऊन बघ की!"

भिंतीपलीकडे बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजू लागली. गाड्या निघाल्या होत्या. शेवंतानं डोळे घट्ट मिटले.

"शेठाणीबाई! मी शेवंता! बागेत अडकलेय, आमच्या गाड्या चालल्या, दार उघडा!"

झाडावरचे पोपट भुर्रकन उडाले. स्वतःच्याच आवाजानं तीही दचकली. पण खिडकी धाडकन उघडली.

"अगं बाई! पोरी, थांब हं, आले! अहो, किल्ली घेऊन धावा, त्या गाड्या थांबवा!"

बाळांनो, आणि मोठ्यांनोही, मदत हवी असेल तर भीड सोडावी आणि आपलं नाव घेऊन खणखणीत हाक मारावी.