फौजदारांनी न विचारलेला प्रश्न

"...मग या दोघांत खोटं कोण बोलतंय, तेवढं सांगा."

अप्पा सुपातली तूरडाळ निवडत होते. त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"कोण दोघं?"

दिगंबर आवटींना हे आवडलं नाही. आत्ताच तर त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं होतं. चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढलेल्या माणसाला तेच पुन्हा सांगायची सवय नसते; पुन्हा सांगायला लावायची असते.

तरी त्यांनी सांगितलं.

आवटी फौजदार म्हणून लागले आणि इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले, पण मिरजेत त्यांना सगळे फौजदारच म्हणत. निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सोडायची मुदत महिनाअखेरीला संपत होती. या चौतीस वर्षांत त्यांच्या बायकोनं, इंदुमतीबाईंनी, अकरा क्वार्टर्स झाडून-पुसून लख्ख केल्या आणि त्यांतल्या दहा सोडल्या. भिंतीत खिळा ठोकायचा तरी त्या नवऱ्याला विचारत. भिंत सरकारची होती.

आता घर घ्यायचं होतं. स्वतःचं.

त्यासाठी दोन एजंट गाठले होते. एक पुसाळकर. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर, प्रत्येक घर म्हणजे जणू राजवाडाच. दुसरा खोत. मळकी टोपी, बोलणं कमी, आणि जे बोलेल ते घराच्या विरोधात. पुसाळकर म्हणायचा, खोताच्या नादी लागू नका. खोत म्हणायचा, पुसाळकर गोड बोलतो, ते बघा.

"मी दोघांनाही तीन-तीनदा विचारलं," आवटी म्हणाले. "वेगवेगळ्या दिवशी, तेच प्रश्न, उलटसुलट करून. खोटं बोलणारा तिसऱ्यांदा घसरतोच."

"कोण घसरलं?"

"कोणीच नाही."

"मग दोघं खरे."

"किंवा दोघांनीही पाठ केलंय."

अप्पांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही, हे त्या मान हलवण्यावरून कळेना.

हा मठ गावाच्या पूर्वेला, ओढ्याच्या अलीकडे. अप्पा तिथले सगळ्यात वयस्कर. आवटी कधी मठाची पायरी चढले नव्हते. इंदुमतीबाई मात्र दर सोमवारी यायच्या. आज त्यांनीच नवऱ्याला पाठवलं होतं. अप्पांना विचारून या, म्हणाल्या होत्या. आवटी आले ते बायकोच्या शब्दाखातर. मनात होतं, अप्पा काही तरी मोघम बोलतील, आपण नमस्कार करू आणि निघू.

"अप्पा, खोटं बोलणारा माणूस मला दारातून आत येतानाच कळायचा," ते म्हणाले. आवाजात थोडा ताठा होता. थोडी तक्रारही होती. "आता कळत नाही. वय झालं की काय, कोण जाणे."

अप्पांनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठले.

"चला. एक घर दाखवतो."

"तुम्ही?"

"का? मी दाखवू नये?"

आवटी मागून चालू लागले.

ओढ्याच्या कडेनं, बाजाराच्या मागच्या गल्लीतून ते एका बैठ्या घरापाशी आले. अप्पांनी कनवटीची किल्ली काढली. कुलूप जुनं होतं, पण तेल घातलेलं. दार उघडलं तसा आतून बंद खोल्यांचा गार वास आला.

तीन खोल्या. शहाबादी फरशी. मागे छोटं अंगण आणि त्यात पांढऱ्या जास्वंदीचं झाड.

आवटी सगळीकडे फिरले. सवयीनं कड्याकोयंडे हलवून पाहिले.

"मधल्या खोलीचा हा कोपरा बघा," अप्पा म्हणाले. "पावसाळ्यात ओल येते. रंग दिला तरी येते."

"हं."

"नळाला एक दिवसाआड पाणी. तेही पहाटे साडेचारला. शेजारचे गृहस्थ कमी ऐकतात, म्हणून रेडिओ मोठा लावतात."

"हं..."

"आणि या दोन पायऱ्या उंच आहेत. इंदूताईंच्या गुडघ्याला सोसायच्या नाहीत."

आवटी जिथे होते तिथेच थांबले. गेल्या दीड महिन्यात पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरला. केवढी साधी गोष्ट. एक माणूस घर दाखवतो आणि त्यातलं वाईट स्वतःहून सांगतो. इंदुमतीच्या गुडघ्यापर्यंतचं सांगतो.

"अप्पा," ते म्हणाले, "मी हे घर घेतो."

अप्पा अंगणात गेले होते. हौदातून त्यांनी बादली भरून घेतली.

"ओल आहे, म्हटलं मी."

"असू दे."

"कागद बघायचे नाहीत?"

"तुम्ही सांगताय तेवढं पुरे. इतके दोष सांगणारा माणूस फसवायचा नाही."

अप्पांनी बादली जास्वंदीच्या बुंध्याशी हळूहळू ओतली. पाणी जिरेपर्यंत ते बघत राहिले. मग बादली पालथी घातली.

"हे घर विकायचं नाही, फौजदार."

"...म्हणजे?"

"मालक हुबळीला मुलाकडे असतात. झाडाला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे ठेवलीय."

आवटींचा चेहरा लाल झाला. ठाण्यात त्यांचा असा चेहरा झाला की हवालदार बाहेर जाऊन उभे राहत.

"मग तुम्ही मला खोटं का सांगितलंत?"

"काय खोटं सांगितलं?"

आवटींनी आठवून पाहिलं. ओल. पाणी. रेडिओ. पायऱ्या. त्यांनी ओलीच्या कोपऱ्याला हात लावला होता; भिंत खरंच दमट होती. बाहेर रेडिओवर कोणी तरी बाजारभाव वाचत होतं, गल्लीभर ऐकू जाईल असं.

"तुम्ही म्हणालात, घर दाखवतो."

"दाखवलं."

"पण..."

"कोणाचं आहे, हे तुम्ही विचारलं नाहीत."

अप्पांनी कुलूप लावलं आणि दोघं गल्लीतून परत निघाले. मठाच्या फाटकापाशी आवटी थांबले.

"खोतानंही दोषच सांगितले होते," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तेव्हा मला वाटलं, हा एक घर पाडून बोलतोय म्हणजे दुसरं गळ्यात मारणार. आणि तुम्ही तेच बोललात, तर मी..."

त्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा पुढे काही बोलतील असं त्यांना वाटलं.

अप्पा आत गेले आणि पुन्हा डाळ निवडायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवटी खोताकडे गेले. खोतानं दाखवलेलं एक घर त्यांच्या मनात होतं. स्टेशन रस्त्यापासून आत, दोन खोल्या आणि पुढे ओटा. खोतानं त्याचे सहा दोष सांगितले होते आणि सहाही खरे निघाले होते. आवटींनी या वेळी सातवं काही विचारलं नाही. पहिलंच विचारलं.

"घर कोणाचं आहे?"

खोतानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"तिघा भावांचं."

"तिघं विकायला तयार आहेत?"

"दोघं आहेत. धाकटा पुण्याला असतो. तो सही देत नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही घराबद्दल विचारलंत, साहेब," खोत म्हणाला. त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. लाजही नव्हती. "घराबद्दल एक अक्षर खोटं बोललो असेन तर सांगा."

घरी आल्यावर आवटींनी चहा घेतला नाही. आरामखुर्चीत बसून छताकडे बघत राहिले. खोत खरं बोलत होता. खोतानं त्यांना बुडवलंही असतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या आणि चौतीस वर्षांत त्यांनी लिहिलेल्या कुठल्याही जबाबात असा माणूस बसत नव्हता.

"काय म्हणाले अप्पा काल?" इंदुमतीबाईंनी विचारलं. नवरा काल आल्यापासून गप्प होता, म्हणून त्यांनी रात्रभर वाट पाहिली होती.

आवटींनी सगळं सांगितलं. जास्वंदीसकट.

इंदुमतीबाईंना हसू आलं. त्यांनी ते पदराआड दाबलं.

"मी एकदा पुसाळकरांशी बोलू का?"

"तू काय विचारणार? तो सगळ्यालाच छान म्हणतो."

"घराचं नाही विचारत."

संध्याकाळी पुसाळकर आला. इंदुमतीबाईंनी त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही विकलेल्या घरात चार-पाच वर्षं राहतंय, असं कोणी आहे? त्यांच्याकडे घेऊन चला आम्हाला. आधी कळवू नका मात्र. आत्ताच चला."

पुसाळकर घुटमळला. आवटींनी ते बरोबर टिपलं. सापडला, त्यांना वाटलं. त्यांना बरंही वाटलं. इतक्या दिवसांनी काही तरी ओळखीचं दिसलं होतं.

"आत्ता..." पुसाळकर म्हणाला. "बरं. चला. पण त्या बाई मला बोलतील."

ब्राह्मणपुरीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहत होत्या. दार उघडून त्यांनी पुसाळकरला पाहिलं आणि पाहुण्यांकडे लक्षही न देता सुरू झाल्या.

"आलास का? पंधरा दिवस झाले सांगून. टाकीचा बॉल कॉक गेलाय, रात्रंदिवस पाणी वाहतंय, आणि हा आज उगवतोय. घर देताना बरं होतं तुझं, काकू काकू."

"काकू, परवा येणारच होतो..."

"परवा, परवा."

पुसाळकरचा इस्त्रीचा शर्ट एकदम केविलवाणा दिसायला लागला. त्यानं बूट काढले, पँट दुमडली आणि गच्चीचा जिना चढून गेला. वरून पत्र्याचा आवाज आला. बराच वेळ आला.

"किती वर्षं झाली घर घेऊन?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"पाच होतील दिवाळीला."

"आणि अजून येतात हे?"

"न येऊन सांगतो कुणाला? वेळेवर कधी येत नाही, पण येतो." बाईंनी दोघांना खुर्च्या दिल्या. "बोलतो मात्र अतोनात. घर दाखवताना म्हणाला होता, खिडकीतून डोंगर दिसतो. दिसतो का? तुम्हीच बघा."

आवटींनी उठून खिडकीतून पाहिलं. पलीकडच्या इमारतीची भिंत होती.

पुसाळकर खाली आला तेव्हा त्याचे कोपर गंजानं माखले होते. आवटी त्याच्याकडे बघत राहिले. हा माणूस डोंगराबद्दल खोटं बोलला होता. पाच वर्षांनंतर हाच माणूस शिव्या खात टाकीवर चढला होता.

परतीच्या वाटेवर आवटींनी रिक्षात एकदाच तोंड उघडलं.

"इंदू, मला काहीच कळत नाहीये."

"मलाही नाही कळत," इंदुमतीबाई म्हणाल्या. "पण टाकी बिघडली तर कोणाला बोलवायचं, ते कळलं."

पुढे त्यांनी पुसाळकरनं दाखवलेलं तळमजल्याचं एक घर पसंत केलं. मालक कोण, हे आवटींनी पुसाळकरला विचारलं, मालकाला विचारलं आणि समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही विचारलं. उतारा काढला, वकिलाला दाखवला. तिघांनी एकच नाव सांगितलं आणि उताऱ्यावरही तेच होतं. पुसाळकर म्हणाला होता, घरात दिवसभर ऊन येतं. ऊन सकाळी दोन तास येत होतं. आवटींनी ते घड्याळ लावून पाहिलं आणि तरीही घर घेतलं.

खरेदीखत झालं त्या दिवशी ते पेढे घेऊन मठात गेले. या वेळी पायरीवर चपला काढताना त्यांनी वाकून पायरीला हात लावला.

अप्पा ओसरीत भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी पेढा घेतला आणि अर्धा मोडून आवटींना परत दिला.

"झालं?"

"झालं. पुसाळकरनंच मिळवून दिलं." आवटी समोर मांडी घालून बसले. "पण अप्पा, डोकं काही जागेवर आलेलं नाही. जो खरं बोलत होता त्याच्याकडून घेतलं असतं तर बुडालो असतो. ज्याच्याकडून घेतलं तो रोज थापा मारतो. आणि तुम्ही... तुमचं तर विचारूच नका."

अप्पा पेढा खात होते.

"एकच सांगा. माणसावर विश्वास ठेवावा की ठेवू नये?"

"ठेवावा."

"पुसाळकरवर?"

"ठेवावा."

"पुरता?"

"पुरता."

आवटींना बरं वाटलं. निदान हे तरी सरळ उत्तर होतं. खिशातून त्यांनी नव्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढून अप्पांपुढे धरला.

"त्यानंच आणून दिल्या आज. म्हणाला, आता सगळ्या तुमच्याकडे आहेत."

अप्पांनी जुडगा हातात घेतला नाही. नुसता पाहिला.

आवटी नमस्कार करून उठले. दोन पायऱ्या उतरले असतील नसतील, तोच मागून अप्पांचा आवाज आला.

"फौजदार... जाताना बाजारातून नवं कुलूप घेऊन जा."