पेवमाळावरचा सातवा साप

हे समोर जमिनीत भोक दिसते आहे ना, ते पेव. धान्य साठवायचे. तोंड एवढे अरुंद की मोठ्या माणसाचे खांदे अडकतील, आणि आत पोट मात्र दोन पुरुष खोल. कृपया फार पुढे वाकू नका. तोंडाच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा आहेत, त्या इथूनही दिसतील. त्यांतली सर्वांत खोल खाच सगुणाच्या दिवसाची, असे सांगतात. एका दिवसात दगडाला एवढी खाच कशी पडेल, हे मला कधी समजलेले नाही. ऐकले तसे सांगतो.

त्या काळी या गावात मुलांपुढे सापाचे नाव घेत नसत. नाव घेतले की तो येतो, ही समजूत. नाग असो, धामण असो, सगळ्यांना एकच शब्द, 'लांबडं'. मुले हुशार होती, पण त्यांना एवढेच शिकवलेले.

एका वैशाखात रिकामे पेव झाडायला तानी नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला उतरवले. आधी दिवा सोडून पाहिला; तो विझला नाही, म्हणजे आतली हवा चांगली होती. बाप बाजाराला गेलेला, म्हणून दोर चुलत्याच्या, रंगोजीच्या, हाती. तानीने तळाशी पोचल्यावर कमरेचा दोर सोडला आणि केरसुणी घेतली. कोपऱ्यातला भुसा हलवताच काहीतरी सरसरत बाहेर आले आणि बरोबर तोंडाखाली, दोराच्या टोकावर, वेटोळे घालून बसले. तानी भिंतीला चिकटली.

"काका, लांबडं!"

"कसलं हाय?" रंगोजीने विचारले.

यावर पोरीकडे शब्दच नव्हता.

रंगोजी वाईट माणूस नव्हता म्हणे. घाबरलेला होता, आणि भोवती चार माणसे जमलेली. तो ठासून म्हणाला, "पेवात उंदरांमागं धामणच येती. गरीब जनावर. पोरी, लोट केरसुणीनं आन् धर दोर!" त्याने दोर ओढायला घेतला.

तेवढ्यात तानीची आई, सगुणा, धावत आली आणि दोरावर पाय देऊन उभी राहिली. तिचे माहेर डोंगरातले. तिकडे मुलांना साप नावानिशी शिकवत. एका पायाने दोर तसाच दाबून धरत ती पालथी पडून आत वाकली.

"तानी, अंगावर पट्टं हायती का?"

"अंधार हाय. कळंना."

"डोकं केवढं?"

"वेटोळ्यात हाय. आई, मला वर घे ना गं."

"वहिनी, सांगा की काय हाय ते," रंगोजी म्हणाला. "तुमच्या म्हायेरात लई शिकवत्यात म्हणं."

"मला वळखू येत न्हाई, भावजी," सगुणा म्हणाली. "आन् वळखू येईपतूर कुणी काय हलवायचं न्हाई. तानी, तूबी."

सकाळची वेळ. दोर खाली, आणि दोरावर ते. दिवा सोडावा तर तोही त्याच्याच अंगावर उतरणार. तानी भिंतीला पाठ लावून उभी होती. पायाला मुंग्या आल्या तरी बसता येईना. वर सगुणाला हात लांब करूनही पोचता येईना. ती बोलत राहिली. नाग कसा, मण्यार कशी, फुरसे कसे, एकेक नाव घेऊन. माणसे कानांवर हात ठेवत होती. कदाचित ती स्वतःचाच धीर टिकवत असेल. पण मुलांना दिलेला या गावातला तो पहिला धडा.

वैशाखात सूर्य भर दुपारी इथे अगदी डोक्यावर येतो. उन्हाचा कवडसा भिंतीवरून उतरत तळाशी आला आणि वेटोळ्यावर पडला.

"आई, साखळी हाय. पाठीवर तीन रांगा."

"घोणस," सगुणा म्हणाली. "पाय हलवू नगंस."

घोणशीला ऊन लागले. ती सावकाश उलगडली आणि समोरच्या भुशाखाली, सावलीत गेली. मगच सगुणाने दोरावरचा पाय काढला. तानीने कमरेला गाठ मारली आणि वर आली. तिचे गुडघे संध्याकाळपर्यंत वाकेनात.

सगुणा रंगोजीला एवढेच म्हणाली, "पोरास्नी नावं शिकवली न्हाईत, ती आपली समद्यांची चूक. पर ठावं नसताना तुमी नाव घेतलंत, भावजी."

तो साप खरोखर घोणस होता का? काही जण म्हणतात, धामणच होती. माझ्याकडे पुरावा नाही. मी चाळीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले, तरी ते खात्रीने सांगता येणार नाही.

आजही वैशाखात गावातले प्रत्येक नऊ वर्षांचे मूल या पेवात उतरते. खाली मातीचे सात साप मांडलेले असतात. दुपारच्या उन्हात मूल एकेकाचे वर्णन करून नाव सांगते. सहा ओळखीचे. सातवा दरवर्षी नवा घडवतात, कुणाचे पट्टे, कुणाचे ठिपके. तसा साप जगात नसतो. हुशार मुले तिथेच अडकतात. मीही अडकलो होतो. ठासून 'फुरसे' म्हणालो, आणि ऊन कलेपर्यंत आत बसलो. वरून कुणी रागावत नाही, कुणी उत्तरही सांगत नाही. फक्त दोर येत नाही.

शेवटी मूल म्हणते, "मला ओळखू येत नाही. मी हलत नाही." आणि दगडावरच्या त्या खाचेतून दोर खाली उतरू लागतो.